पहिले दोन इंच

शेरवानीच्या मापाला हात पसरून उभा होता
निहाल मुकादम. आरशातूनच म्हणाला,
"अप्पा, पूर्वी असं नव्हतं ना हो?"
त्याचा बालमित्र लग्नाला येणार नाही.
कुणाच्या तरी भाषणाखाली
एकाने अंगठा वर केला, दुसऱ्याने खाली.

माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
बरं झालं. नसत्या तर
मीही म्हणालो असतो, छे रे बाबा,
पूर्वी काय माणसं होती.

पूर्वी.
बैलजोडीवाल्यांचे झेंडे, झोपडीवाल्यांचे झेंडे,
माझ्या बापाने दोन्ही याच मशीनवर शिवले,
सकाळी एकाचे, दिवेलागणीला दुसऱ्याचे,
चिंध्या मात्र एकाच गोणीत.
ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगतोय.
ऐकणारे हसतात, चहा मागवतात.
पुढची सांगत नाही.

त्याच साली रावजी भुवडाने
गावकीचा शब्द मोडून झोपडीवर शिक्का मारला.
गुप्त मतदान म्हणे!
खाडीकाठी कुणाच्या चुलीवर कुठली मासळी चढली
ते वासावरून कळतं. मत किती दिवस लपणार?
सहाणेवर सात जण बसले. नारळ ठेवला.
दुसऱ्या दिवसापासून तरीत त्याला जागा नाही.
शिमग्याला पालखी त्याचं अंगण टाळून
बांधावरून गेली, ढोल तेवढा वेळ गप्प.

श्रावणात रावजीची आई गेली.
खांदे दोनच, त्याचा आणि बारा वर्षांच्या पोराचा.
म्हातारीला घोंगडीच्या झोळीत घातली,
झोळी बांबूला, आणि पाखाडी उतरले
जसं जाळं उचलून नेतात तसं.
आदल्या रात्री तो आमच्या मागच्या दाराशी आला होता,
मांजरपाट हवं होतं.
बापाने सव्वातीन वार फाडलं,
पैसे घेतले नाहीत,
पुढचं दारही उघडलं नाही.
कापडाचं दुसरं टोक मी धरलं होतं.
नऊ वर्षांचा होतो.

आता झेंडे सुरतेहून येतात, पोत्यात.
शिवण नाही, नुसती कडा जाळलेली.
गेल्या आठवड्यात रावजीच्या नातवाचा मेसेज आला:
अमक्याच्या फॅक्टरीतला बर्फ कुणी घेऊ नका,
तो त्यांचा आहे.
वाळीत हा शब्द त्याने लिहिला नाही.
त्याला तो माहीतही नसेल.
सात म्हाताऱ्यांना निदान चढण चढून यावं लागलं होतं,
रावजीच्या तोंडाकडे बघून बोलावं लागलं होतं,
दोघा-तिघांनी मान खाली घातली होती म्हणतात.
याने एका बोटाने दोनशे जणांना कळवलं
आणि जेवायला बसला.

आणि हेही सांगायला हवं,
त्याच रात्री त्याची होडी भरून आली,
तेव्हा बर्फ तिथूनच गेला, अकरा लाद्या, उधारीवर.
सुरमई कुणासाठी थांबत नाही.

तर जास्त काय, कमी काय?
मी शिंपी माणूस. मापाशिवाय बोलू नये.
पण टेपच अशी,
सुरुवातीचे दोन इंच झिजून कधीच गळाले.
छाती चाळीस दिसली की अडतीस लिहायची.
मी मनात वजा करतो. कधी विसरतो,
मग गिऱ्हाईक म्हणतं, अप्पा, अंगावर लोंबतंय.
आणि पूर्वीचं माप घ्यायलाही
माझ्याकडे हीच आहे.

"हात खाली घे," मी निहालला म्हणालो.
टाचण्या काढून डबीत टाकल्या.
"तुझ्या त्या दोस्ताचं माप माझ्या वहीत आहे,
दहावीच्या निरोपाचा सदरा शिवला होता.
खांदे वाढले असतील आता.
त्याला म्हणावं, एकदा येऊन जा.
शिवायचं नसलं तरी."

त्याने फोन काढला, नाव शोधलं,
बराच वेळ नुसतं बघत राहिला.
बाहेर भरती लागत होती.
मी दिवा लावला, मशीनला तेल घातलं,
आणि त्याच्याकडे न बघता
सुईत दोरा ओवत बसलो.
हल्ली पहिल्या खेपेला जात नाही.